तान्ह्या बालकास दूध किती द्यावे?

(समाजाच्या वार्षिक संमेलनातील महिला सत्रात दिलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चालकांनी मला या सत्रात बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती. शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु शिक्षणाच्या महत्त्वावरील भाषणे आपण प्रतिवर्षी ऐकता आणि त्यांत नवे सांगण्यासारखे माझ्यापाशी फारसे नाही. मी निवडलेला विषय ऐकून काही बंधूंच्या मुद्रेवर उमटलेले हसू मला येथून दिसत आहे. तान्ह्या बालकास दूध किती द्यावे, हा तर बायकांचा प्रश्न. त्यात निवृत्त मास्तराचे काय काम? माझे उत्तर असे की, ज्या प्रश्नात ‘किती’ हा शब्द आला तो प्रश्न गणिताचा झाला, आणि गणित मी छत्तीस वर्षे शिकविले आहे. दुसरे असे की, बाळाला दूध पुरते किंवा पुरत नाही, हा निकाल आपल्या घरांतून बाळाच्या आईखेरीज इतर सर्व मंडळी देत असतात. त्या मंडळींत आपण पुरुषही आहोत. वैद्यकीय माहिती मी जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि छापील साधनांतून पडताळून घेतली आहे. तिच्यात माझ्या पदरचे काही नाही.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. जे बालक अंगावर पिते, त्याच्या दुधाचे माप काढू नये. जे बालक वाटी-चमच्याने पिते, त्याचे माप काढल्यावाचून राहू नये. आणि दोघांच्याही उदाहरणाचा ताळा वजनाच्या काट्यावर पाहावा. आपल्याकडे घडते ते बरोबर याच्या उलट. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या दुधाची मोजदाद सारे घर करते. वाटीने पिणाऱ्या बाळाचे दूध मात्र अंदाजाने, हाताला येईल तसे कालवले जाते. आणि काटा कोणी पाहतच नाही.

पहिल्या तीन-चार दिवसांपासून आरंभ करू. बाळंतीण झाली की आईला प्रथम येतो तो चीक. तो पिवळसर, दाट आणि अगदी थोडा असतो. पहिल्या दिवशी बालक एका वेळी २ ते १० मिलीलीटर, म्हणजे फार तर दोन लहान चमचे घेते. दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० आणि चौथ्या दिवशी ३० ते ६० मिलीलीटर, असे ते प्रमाण वाढत जाते. निसर्गाने पोटाच्या बेताने पान वाढावे, तसा हा क्रम आहे. परंतु घरातील वडीलधारी बाई पाहते ते दोन चमचे, आणि म्हणते, “बाईला दूधच उतरले नाही.” मग मध येतो, गुळाचे पाणी येते, घुटी येते, शेजारच्या घरून गाईचे दूध येते. वर्षाच्या आतील बालकास मध देणे हे तर सर्वथा वर्ज्य. त्यातून क्वचित एक प्रकारची भयंकर विषबाधा संभवते. इतर पदार्थांनी एवढेच साधते की, बाळाचे इवलेसे पोट भरते, ते अंगावर ओढत नाही, आणि दूध खरोखरच उतरावयास उशीर होतो. भाकीत करणाऱ्यानेच ते खरे करून दाखवावे, असा हा प्रकार आहे.

यात एक विसंगती मला नेहमी जाणवते. आपण कास्तकार लोक आहोत. गाय व्याली की वासराला चीक पाजल्याखेरीज आपण उठत नाही. तो न मिळाल्यास वासरू दगावेल, हे आपल्यातील न शिकलेला मनुष्यही जाणतो. आणि आईचा चीक मात्र ‘खराब दूध’ म्हणून पिळून टाकण्याची चाल कित्येक घरांत अगदी अलीकडेपर्यंत होती. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, देशात शंभरांपैकी सुमारे ८९ बाळंतपणे रुग्णालयात झाली; परंतु जन्मानंतर एका तासाच्या आत आईचे दूध मिळालेली बालके शंभरांत सुमारे ४२ एवढीच भरली. म्हणजे आपण बाळंतपण दवाखान्यात नेले, पण दुधासंबंधीच्या समजुती डब्याबरोबर घरूनच नेल्या!

आता ‘दूध पुरत नाही’ या वाक्याकडे वळतो. कारण माझ्या मते या विषयातील सर्वांत घातक वाक्य हेच आहे. ते कशावरून उच्चारले जाते? बाळ रडते यावरून. परंतु रडणे ही बाळाची एकमेव भाषा आहे. ते भुकेने रडते, तसे उकाड्याने रडते, ओल्या लंगोटाने रडते, आणि कोणी उचलून घ्यावे म्हणूनही रडते. दुसरे कारण, ते सारखे सारखे पिते. अहोरात्रात आठ ते बारा वेळा पिणे हे तान्ह्या बालकाचे नियमित वर्तन आहे. शिवाय दोन-तीन आठवड्यांचे असताना आणि पुन्हा दीड महिन्याच्या सुमारास कित्येक बालके दोन-तीन दिवस अधिकच वेळा पितात. ही त्यांची वाढीची मागणी असते. तिसरे कारण, आईचे दूध पिळून पाहिले असता थोडे निघाले. हे प्रमाण तर मुळीच ग्राह्य नाही. बाळ ज्या रीतीने ओढते, त्या रीतीने हात ओढू शकत नाही. हाताने थोडे निघाले म्हणून आत थोडेच आहे, असे सिद्ध होत नाही.

आईचे दूध टाकीत भरून ठेवलेल्या पाण्यासारखे नसून झऱ्याच्या विहिरीसारखे आहे. जेवढा उपसा, तेवढा पाझर. वरचे दूध सुरू केले की उपसा कमी होतो, उपसा कमी झाला की पाझर आटतो, आणि महिन्याभरात ते घातक वाक्य खरे ठरते. म्हणून बाळ अधिक वेळा मागू लागले, तर उपाय वरचे दूध हा नसून अधिक वेळा पाजणे आणि आईला घरकामातून सोडविणे, हाच होय.

मग पुरते की नाही, हे ओळखावे कसे? आपल्या कोहळी पूर्वजांनी या भंडाऱ्याच्या मुलखात तलाव बांधले, त्यांच्या पाण्यावर धान पिकविला. तलावाचे पाणी बांधीत सोडताना कोणी घागरी मोजीत बसत नसे. धुऱ्यावर उभे राहून बांधीत पाणी किती उभे आहे, एवढेच पाहत. बाळाच्या बाबतीतही पाहावयाचे ते असेच. पाचव्या दिवसानंतर बाळ अहोरात्रात सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि ती पाण्यासारखी फिकी असेल, तर त्याला दूध पोचते आहे. लघवी कमी वेळा, गर्द पिवळी आणि उग्र वासाची असेल, तर पोचत नाही. ही झाली रोजची खूण. आठवड्याची व महिन्याची खूण म्हणजे वजन. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. ते शेकडा सात, क्वचित दहापर्यंत उतरले तरी घाबरण्याचे कारण नसते, मात्र दहाच्या पलीकडे गेल्यास डॉक्टरांना दाखवावे. दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनावर परत यावयास हवे. तेथून पुढे पहिले तीन महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ सर्वसाधारण समजावी. सहा महिन्यांपर्यंत कोणत्याही महिन्यात अर्धा किलोपेक्षा कमी वाढ झाल्यास कारण शोधावे.

रुग्णालयात पाजण्यापूर्वी आणि पाजल्यानंतर बाळाचे वजन करून त्या वेळी किती दूध गेले, हे काढण्याची एक रीत आहे. विशेष प्रसंगी ती उपयोगी पडते. घरी तिचा नाद करू नये. बाळ एका वेळी बरेच पिते, दुसऱ्या वेळी नावापुरते. एका घोटावरून दिवसाचा हिशेब मांडणे म्हणजे एका ओंबीवरून खंडीचा अंदाज सांगणे आहे.

येथे प्रश्न येईल की, मग गणित कोठे आले? ते आता येते. ज्या बाळाला काही कारणाने वाटी-चमच्याने दूध द्यावयाचे आहे, मग ते आईचेच पिळून काढलेले असो की दुसरे, त्याच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या शिकवणीत एक सुटसुटीत त्रैराशिक आहे. जन्मतः अडीच किलो किंवा अधिक वजनाच्या बाळास वजनाच्या दर किलोस दिवसाला १५० मिलीलीटर दूध धरावे, आणि त्याचे आठ भाग करून दर तीन तासांनी एक भाग द्यावा. पहिल्या तीन-चार दिवसांना हे त्रैराशिक लागू नाही, हे मघाच्या आकड्यांवरून आपल्या ध्यानात आलेच असेल. बाळ तीन किलोचे असेल, तर ४५० मिलीलीटर. त्याचा आठवा भाग सुमारे ५६. चार किलोचे असल्यास ६०० आणि ७५. पाच किलोचे असल्यास ७५० आणि सुमारे ९४.

समोर बसलेल्या वृद्ध मंडळींसाठी हे जुन्या मापात सांगतो. दशमान मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. तरी आपल्यापैकी कित्येकांची जीभ अजून शेर-छटाकेतच बोलते. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि शेराच्या छटाका सोळा. तेव्हा तीन किलोच्या बाळाला दिवसाला जवळजवळ अर्धा शेर दूध, म्हणजे आठ छटाका. आणि पाजण्याच्या वेळाही आठच. एका वेळेस एक छटाक! हिशेब इतका चपखल बसतो की, मला तो प्रथम मांडताना मोठे कौतुक वाटले.

परंतु प्रत्येक त्रैराशिकाला मर्यादा असते. चार मजूर एक विहीर आठ दिवसांत खणतात, म्हणून बत्तीस मजूर ती एका दिवसात खणतील असे नाही. कारण तेवढे मजूर विहिरीत मावणारच नाहीत. तसेच आठ किलोच्या बाळाला १२०० मिलीलीटर पाजू गेल्यास ते फसेल. अंगावर पिणाऱ्या बालकांची पाहणी करता असे आढळले आहे की, महिन्याचे असल्यापासून सहा महिन्यांचे होईतो ती दिवसाला सरासरी ७५० ते ८०० मिलीलीटरच पितात. वजन वाढते, पण वाढीचा वेग मंदावतो, म्हणून एकूण दूध फारसे वाढत नाही. आणि ही झाली सरासरी. काही धष्टपुष्ट बालके ५०० मध्ये भागवितात, काहींना हजाराच्या वर लागते. म्हणून वाटीने पाजतानाही वाटी संपविण्याचा हट्ट धरू नये. बाळाने तोंड फिरविले की थांबावे. ते आणखी मागत असल्यास द्यावे. दिवसाची बेरीज जुळली म्हणजे झाले.

पाश्चात्य देशांनी या मोजणीचा अतिरेक करून पाहिला आहे. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. रॉच यांच्या पद्धतीने गाईच्या दुधातील स्निग्धांश, शर्करा आणि प्रथिने यांचे शेकडेवारी प्रमाण दशांशापर्यंत बदलून बाळाला दूध लिहून देत. त्यासाठी डॉक्टर लोक बीजगणिताची समीकरणे सोडवीत, आणि १८९१ मध्ये बोस्टन शहरी असे दूध तयार करणारी प्रयोगशाळाही निघाली. पुढे न्यूझीलंडचे डॉ. ट्रुबी किंग यांनी घड्याळाचा दंडक घातला : दर चार तासांनीच पाजावे आणि रात्री मुळीच पाजू नये. दोन्ही पंथ कालांतराने मागे पडले. माझ्यासारख्या गणितप्रेमी मनुष्यालाही त्याचे वाईट वाटत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातील खऱ्या प्रसंगाकडे येतो. पऱ्हे तयार झाले, आषाढाच्या पावसाने बांध्या भरल्या, चिखलणी झाली, की रोवणी सुरू होते. रोवणी थांबवून चालत नाही. दीड-दोन महिन्यांची बाळंतीण सकाळी बांधीत उतरते ती दुपारी उशिरा वर येते. बाळ घरी आजीजवळ. त्या सहा-सात तासांत ते काय पिते? माझ्या पाहण्यातील घरांत याची उत्तरे निरनिराळी आहेत : कोठे पाणी घातलेले म्हशीचे दूध, कोठे साखरपाणी, कोठे नुसतेच थोपटून निजविणे. रोवणीचा महिना संपतो तेव्हा आईचे दूध आटलेले असते आणि मूल जुलाबांनी वाळलेले असते. ‘यंदा बाईला दूध कमी होते,’ असे घर म्हणते.

येथे मघाचे त्रैराशिक कामास आणावे. बाळ चार किलोचे असेल, तर एका वेळेस ७५ मिलीलीटर. सकाळी आठ ते दुपारी दोन, म्हणजे दोन वेळा. १५० मिलीलीटर, आणि हातचे म्हणून थोडे अधिक. हे दूध आईचेच असावे. सकाळी बाळाला पाजून झाल्यावर हात साबणाने धुऊन, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत ते पिळून काढावे व झाकून ठेवावे. एका बैठकीत तेवढे निघाले नाही तरी हताश होऊ नये. पहाटे एकदा आणि निघण्यापूर्वी एकदा असे दोनदा काढल्यास पहिल्या काही दिवसांच्या सवयीने ते साधते. म्हणून रोवणीच्या आधी आठ-दहा दिवस हा सराव सुरू करावा. आपल्याकडील उष्म्यात असे दूध घरातील थंड जागी चार तास ठेवावे, त्याहून अधिक नको. शीतपेटी असेल, तर चोवीस तास चालते. थंड दूध विस्तवावर उकळू नये. वाटी कोमट पाण्यात ठेवून ऊब आणावी. आजीबाईंनी ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. बोंडले ही आपली जुनीच वस्तू आहे आणि ती घासून उकळणे सोपे. बाटलीच्या बुचात व चोचीत मात्र दूध नासते आणि तेथून जुलाब येतात. मापासाठी औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे टोपण वापरावे, त्यावर मिलीलीटरच्या रेघा असतात. घरच्या वाट्या चाळीसच्या की शंभरच्या, हे वाटीकडे पाहून सांगता येत नाही.

हिशेब येथवर बायकांच्या हाती आहे. पुढचा भाग आपल्या हाती आहे, बंधूंनो, आणि तो बोलण्यासाठीच मी हा विषय घेतला. चार तासांनंतर ते दूध बाद होते, म्हणजे दुपारच्या आत आई आणि बाळ यांची एकदा तरी गाठ पडावयास हवी. ती कोण घालून देणार? कारखान्यातील व कचेरीतील स्त्रीला कायद्याने हे दिले आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये सुधारणा होऊन प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि कामावर परतल्यानंतर मूल पंधरा महिन्यांचे होईतो दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी तिला कायद्याने मिळते. बांधीत वाकलेल्या स्त्रीच्या वाट्याला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यास मिळणारे पाच हजार रुपये येतात. सुटी कोणी देत नाही. आता बांधीचा मालक कोण? आपणच. आपल्यापैकी कित्येकांच्या शेतात आपल्या सुनेबरोबर गावातील इतर समाजांच्या बायाही रोवणीस येतात. ज्या बाईचे मूल सहा महिन्यांच्या आतले आहे, तिला सकाळी दहाच्या सुमारास आणि दुपारी, अशी दोनदा अर्ध्या अर्ध्या तासाची सुटी मजुरी न कापता द्यावी. घर दूर असल्यास आजीने बाळाला धुऱ्यावरच्या झाडाखाली आणावे. रोवणी ठेक्याने दिली असेल, तर ठेका ठरवितानाच ही गोष्ट बोलून घ्यावी. कारण ठेक्याच्या कामात इतर बाया तिच्या उठण्याने चिडतात आणि ती लाजेने उठत नाही. दिवसाचा एक तास गेल्याने कोणाची रोवणी राहिल्याचे मी ऐकलेले नाही.

यापुढील बाबी थोडक्यात सांगतो. जेथे आई हयात नाही, किंवा डॉक्टरांनी अंगावर पाजण्यास मनाई केली आहे, तेथे दुसऱ्या दुधाचा प्रश्न येतो. कापूरहोळच्या धाराऊने संभाजीराजांना दूध पाजले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. दूधआईची ती चाल आज रक्ताची तपासणी केल्यावाचून आचरू नये. तिचे आधुनिक रूप म्हणजे दुग्धपेढी. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी पेढी स्थापन केली. आशिया खंडातील ती पहिली म्हणून ओळखली जाते. मातांनी दिलेले दूध तेथे तपासून व निर्जंतुक करून अशक्त बालकांना देतात.

पेढीचे दूध प्रत्येकाला मिळत नाही; तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचे दूध द्यावे लागते. येथे चुकीचा हिशेब जीवघेणा ठरतो. बहुतेक डब्यांवर ३० मिलीलीटर पाण्यास एक सपाट चमचा भुकटी, असे प्रमाण लिहिलेले असते. आपल्या डब्यावर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे आणि चमचा त्याच डब्यातला वापरावा. पाणी खळखळ उकळून, अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच त्यात भुकटी टाकावी आणि मग दूध कोमट होऊ द्यावे. उरलेले दूध पुढच्या वेळेस ठेवू नये. आता समजा, ९० मिलीलीटर पाण्यात तीन चमचे पडावयाचे, तेथे डबा पुरावा म्हणून दोनच टाकले. बाळाचे पोट ९० मिलीलीटरने भरते, पण अन्न मिळते दोन-तृतीयांश. ते रडत नाही, शांत निजते, आणि महिन्याभरात सुकते. या लबाडीचा छडा लावण्याची सोपी रीत सांगतो. पाच किलोच्या बाळाला दिवसाला ७५० मिलीलीटर, म्हणजे २५ चमचे. चमचा साधारण साडेचार ग्रॅमचा धरल्यास रोज सुमारे ११० ग्रॅम भुकटी. चारशे ग्रॅमचा डबा चार दिवस पुरला पाहिजे, अधिक नाही. तो आठवडाभर पुरत असेल, तर बाळ अर्धपोटी आहे, हे डब्यावरूनच सिद्ध झाले. महिन्याला सात-आठ डब्यांचा हा खर्च ऐकून कोणाला घाम फुटला असेल, तर आईच्या दुधाची किंमत त्याला कळली, असे मी समजेन. या डब्यांची जाहिरात करण्यास आणि मातांना फुकट नमुने वाटण्यास १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बंदी आहे. तेव्हा कोणी असा डबा फुकट हाती ठेवला, तर तो घेऊ नये.

गाई-म्हशीच्या दुधाविषयी एवढेच की, आईच्या दुधात प्रथिने शेकडा एकच्या आसपास, गाईच्या दुधात तीनच्या वर आणि म्हशीच्या दुधात चारच्या घरात. हे दूध वासराच्या वाढीच्या बेताने बनलेले आहे. ते सहा महिन्यांच्या आत देऊ नये. पाणी घालून पातळ केल्याने ते आईच्या दुधासारखे होत नाही, फक्त पातळ होते. आणि नुसते पाणीही नको. आईच्या दुधात शंभरातील ८७-८८ भाग पाणीच असते. आपल्या मे महिन्यातील उन्हातही अंगावर पिणाऱ्या बाळास सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी लागत नाही. घशाला कोरड पडेल असे वाटल्यास अधिक वेळा पाजावे.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा हिशेब मात्र आपण घरी मांडू नये. त्याला पहिल्या दिवशी दर किलोस ६० मिलीलीटरपासून आरंभ करून रोज थोडे थोडे वाढवीत नेतात; ते काम डॉक्टर व परिचारिका यांचे आहे. अशाच अशक्त व आजारी नवजात बालकांच्या कक्षाला, आपल्या भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागली आणि दहा बालके गेली. त्या मातांना अंगावर दूध येत राहिले असेल, हा विचार मनात आला की पुढे बोलवत नाही.

बोलावयाचे ते जिवंत बाळांसाठी. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून, घरोघरी नवजात बाळाचे वजन करण्यास, त्याला तपासण्यास आणि आईला पाजण्याचे समजावून देण्यास धाडले. ३९ गावांतील या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवजात बालकांचे मृत्यू तेथे शेकडा ६२ ने कमी झाले होते. पुढे २०११ मध्ये ही पद्धत साऱ्या देशासाठी स्वीकारली गेली. आज आपल्या गावची आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येते, ती याच प्रयोगाची फलश्रुती. तिच्या पिशवीत काटा असतो. नजर लागेल म्हणून बाळाला काट्यात घालू न देणारी घरे आपल्या समाजातही आहेत. आशाताई आली असता चहा देऊन दारातूनच तिला परत पाठवू नये. बाळाचे वजन करून ते माता-बाल कार्डावर लिहून घ्यावे, आणि मागच्या आकड्याशी ताडून पाहावे. ही वजाबाकी घरातील चौथीतले मूलही करू शकते; त्यालाच ती करावयास सांगावी.

सहा महिने पूर्ण होऊन उष्टावण झाले की मऊ भात, वरण, कुस्करलेले केळे, अंडे असे अन्न सुरू होते, आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालते. मात्र दुधाचा हा हिशेब तेथे संपतो, आणि माझ्या भाषणाची मर्यादाही तीच आहे. सत्रानंतर मी या मंडपातच थांबणार आहे. ज्या भगिनींच्या घरी डब्याचे दूध चालू आहे, त्यांनी बाळाचे शेवटचे वजन सांगावे; आपण तेथेच गणित मांडू.